मदरबोर्ड बदलला, आता विंडोजचं काय?

मराठी विभागासाठी काहीतरी लिही, असं संपादक मंडळातल्या ताईने सांगितलं तेव्हा आधी मला हसूच आलं. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठीच्या पेपरला मी निबंध पाठ करून जायचे आणि एकोणसाठ म्हणजे फिफ्टी-नाइन की सिक्स्टी-नाइन, हे अजूनही बोटं मोजून ठरवते. हा एकोणसाठचा घोळ पुढे या लेखात येणार आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवते. शुद्धलेखन ताई बघणार आहे. मजकूर मात्र माझा आहे आणि अनुभवाचा आहे.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. शुक्रवारची संध्याकाळ. आमच्या विंगमधली लाइट गेली, आली, परत गेली, परत आली. तिसऱ्यांदा आली तेव्हा माझा असेंबल्ड पी.सी. काही उठला नाही. पंखा अर्धा वळसा फिरायचा आणि थांबायचा. सोमवारी आमच्या मिनी प्रोजेक्टचं सबमिशन होतं. कांद्याची आकारानुसार प्रतवारी करणारं छोटं यंत्र. त्याचं संपूर्ण कॅड मॉडेल, ड्रॉइंग्ज, रिपोर्ट सगळं त्याच पी.सी.त. आम्ही गटात चौघी. बाकीच्या तिघींनी विचारलं, "बॅकअप आहे ना गं?" मी म्हटलं, "आहे की."

नव्हता. दीड महिन्यापूर्वीचा एक पेन ड्राइव्ह होता, ज्यात यंत्राला अजून चाळणी पण बसली नव्हती. का खोटं बोलले माहीत नाही. मला वाटलं डिस्कला काही झालेलं नाही, मग सांगून कशाला घाबरवा. डिस्कला खरंच काही झालं नव्हतं. तरीसुद्धा दोन दिवस मी जेवले नाही नीट.

बोर्ड गेला हे कसं कळलं

पहिला संशय एस.एम.पी.एस.वर. शेजारच्या रूममधून एक मागून आणला, लावला, तेच. रॅमच्या पट्ट्या एकेक करून काढल्या, ग्राफिक्स कार्ड काढलं, तेच. मग शनिवारी सकाळी डबा रिक्षात घालून दुकानात नेला. दुकानातल्या दादांनी पाच मिनिटांत सांगितलं, "बोर्ड गेला. प्रोसेसर, रॅम, एस.एस.डी. ठीक आहे."

माझा प्रोसेसर दहाव्या पिढीचा आय-५. जुना बोर्ड एच-४१० चिपसेटचा होता, तो नवा मिळेना. एच-५१० चा बोर्ड मिळाला. सॉकेट तेच, रॅम तीच डी.डी.आर.-४, त्यामुळे बाकी काही बदलावं लागलं नाही. बोर्ड बसला, पंखे फिरले, स्क्रीनवर लोगो आला. मी देवाला नमस्कार करणार इतक्यात निळी स्क्रीन आली. नेहमीची रडका चेहरा असलेली नाही, दुसरीच. त्यावर लिहिलं होतं की या ड्राइव्हसाठी बिटलॉकर रिकव्हरी की टाका. ४८ आकडी.

"अशी कुठली की मी कधीच टाकली नाही हो," मी म्हटलं.

"मग सोडा," दादा म्हणाले. "फॉर्मॅट मारून फ्रेश विंडोज टाकून देतो, अर्ध्या तासात मशीन चालू."

मशीन चालू झालं असतं. प्रोजेक्ट मात्र गेला असता, कायमचा. "नको, मी हॉस्टेलला जाऊन बघते," असं म्हणून मी डबा परत रिक्षात घातला. या लेखातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य हेच आहे, म्हणून वेगळं लिहिते: मदरबोर्ड बदलल्यावर विंडोज परत टाकणं हे पहिलं काम नाही, शेवटचं काम आहे.

बोर्डावर काय राहतं, डिस्कवर काय राहतं

आपल्याला वाटतं, विंडोज आणि फाइल्स डिस्कवर, मग बोर्ड गेला तर काय बिघडलं? पण काही गोष्टी बोर्डावरच राहतात आणि बोर्डाबरोबरच जातात.

पहिली गोष्ट टी.पी.एम. हा एक सुरक्षेचा भाग. काही बोर्डांवर त्याची वेगळी चिप असते. आपल्या बहुतेक पी.सी.त तो फर्मवेअरमधूनच चालतो, इंटेलमध्ये पी.टी.टी. आणि ए.एम.डी.मध्ये एफ-टी.पी.एम. या नावाने. विंडोज ११ ला टी.पी.एम. २.० लागतो.

दुसरी गोष्ट, बूटची यादी. कुठल्या डिस्कवरची कुठली फाइल आधी चालवायची, हे यू.ई.एफ.आय. बोर्डावरच्या मेमरीत लिहून ठेवतं. नव्या बोर्डाची यादी कोरी असते.

तिसरी, नेटवर्कची चिप आणि तिचा मॅक ॲड्रेस. चौथी, ब्रँडेड लॅपटॉप असेल तर त्याच्याबरोबर आलेल्या विंडोजची प्रॉडक्ट की. ती पण फर्मवेअरमध्येच असते.

आता बिटलॉकर. विंडोज ११ च्या २४एच२ या आवृत्तीपासून नवीन इन्स्टॉल करताना मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की पुष्कळ मशीन्सवर डिव्हाइस एन्क्रिप्शन आपोआप चालू होतं, होम एडिशनवर सुद्धा. माझं तसंच झालेलं होतं आणि मला पत्ता नव्हता.

याची रचना मला नंतर समजली ती अशी. डिस्कवरचा डेटा एका किल्लीने बंद केलेला असतो. ती किल्ली दुसऱ्या, मोठ्या किल्लीने बंद. ही मोठी किल्ली डिस्कवरच असते, पण दोन वेगवेगळ्या डब्यांत, दोन प्रती. एक डबा फक्त टी.पी.एम. उघडू शकतो. रोज सुरू होताना तो गुपचूप उघडून देतो, म्हणून आपल्याला काही जाणवत नाही. दुसरा डबा ४८ आकड्यांनी उघडतो. बोर्ड बदलला की जुना टी.पी.एम. गेला, म्हणजे पहिला डबा उघडणारा माणूसच गेला. नवीन टी.पी.एम.ला बिचाऱ्याला काहीच ठाऊक नाही. म्हणून दुसऱ्या डब्याचे आकडे मागतात. कोणी तुमची एस.एस.डी. काढून स्वतःच्या मशीनला लावली तर त्याला पण हेच आकडे मागितले जातील. म्हणजे हा बिघाड नाही, कुलूप नीट काम करतंय. फक्त मी माझ्याच घराबाहेर उभी होते.

बाबा आणि ४८ आकडे

ही की सहसा ज्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटने मशीन पहिल्यांदा सेट केलं, त्या अकाउंटमध्ये जमा होते. (कॉलेजच्या अकाउंटने सेट केलं असेल तर तिकडे असू शकते.) मी माझं अकाउंट उघडलं. रिकामं. मग आठवलं, दिवाळीच्या सुट्टीत घरी नाशिकला विंडोज टाकलं तेव्हा बाबांच्या अकाउंटने सुरू केलं होतं. माझं लॉगिन नंतर तयार केलं.

बाबांना फोन लावला. ते हिशेबनीस आहेत, म्हणजे आकड्यांना घाबरणारे नाहीत, पण पासवर्ड विसरणारे आहेत. पासवर्ड बदलण्यात पाऊण तास गेला. शेवटी त्यांच्या फोनवर पान उघडलं तर दोन की दिसल्या, एक त्यांच्या लॅपटॉपची, एक माझी. घाबरू नका, प्रत्येक की शेजारी एक की-आयडी असतो आणि निळ्या स्क्रीनवर पण तोच आयडी दाखवतात. त्याची पहिली आठ अक्षरं जुळवायची. जुळली.

"बाबा, स्क्रीनशॉट काढून पाठवा ना."

"ते मला येत नाही. आईच्या फोनने फोटो काढला असता, पण ती भजनाला गेलीय फोन घेऊन. तू लिहून घे, मी वाचतो."

आणि बाबांनी वाचायला सुरुवात केली. जोडी जोडीने. मराठीत. हिशेबाच्या वेगाने. "एकोणसाठ, त्रेसष्ट, सत्त्याऐंशी..."

मी लिहीत गेले. आठ गट, प्रत्येकात सहा आकडे. टाइप केलं. चूक. परत टाइप केलं. परत चूक. बाबा म्हणाले, "मी बरोबर वाचतोय." मी म्हटलं, "मी बरोबर लिहितेय." दोघंही चिडलो आणि फोन ठेवला. तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजले होते आणि माझ्या डोळ्यांत पाणी होतं. खोटं कशाला सांगू?

रूममेट कॉम्प्युटरची आहे. ती म्हणाली, "थांब, या आकड्यांना एक नियम असतो. प्रत्येक सहा आकडी गटाला अकराने पूर्ण भाग जातो. तुझा कागद दाखव."

हा नियम मला फार आवडला, म्हणून नीट समजावून सांगते. की मुळात १२८ बिटची असते. तिचे १६-१६ बिटचे आठ तुकडे करतात. १६ बिटमध्ये ० ते ६५,५३५ पर्यंतची संख्या बसते. प्रत्येक तुकड्याला ११ ने गुणतात आणि येणारी संख्या सहा आकड्यांत लिहितात. म्हणून प्रत्येक गटाला ११ ने भाग जातो आणि कुठलाच गट ७,२०,८९६ किंवा त्याहून मोठा नसतो. ११ नेच का गुणायचं? कारण लिहिताना एक आकडा चुकला, किंवा शेजारचे दोन वेगवेगळे आकडे उलटसुलट झाले, तर ११ ने भाग जाणं बंद होतं. चूक पकडली जाते.

तपासायला कॅल्क्युलेटर पण नको. सहा आकड्यांच्या तीन जोड्या करा आणि बेरीज करा. बेरजेला ११ ने भाग गेला तर गटालाही जातो. समजा गट आहे ५९६३८७ (हा माझ्या कीमधला नाही, खरा गट मासिकात छापायला मी वेडी नाही). ५९ अधिक ६३ अधिक ८७ म्हणजे २०९. अकरा एकोणीस दोनशे नऊ. बरोबर. आता एकोणसाठच्या जागी माझ्यासारख्या मुलीने ६९ लिहिलं तर? बेरीज २१९. भाग जात नाही. चोरी पकडली!

आम्ही आठही गट तपासले. सहा बरोबर. दोन चूक. चुकीच्या दोन्ही गटांत एकोण-काहीतरी होतं. बाबांना परत फोन लावला. "बाबा, फक्त तिसरा आणि सातवा गट वाचा. एकेक आकडा. आणि प्लीज, इंग्लिशमध्ये." बाबा हसले. म्हणाले, "एवढी फी भरून हे शिकवलं का तुला!" मग एकेक आकडा, सावकाश, मराठीतच वाचला. पाच, नऊ, असं. ते मला कळतं.

की लागली. विंडोज उघडलं. थोडा वेळ 'डिव्हाइसेस तयार करत आहोत' असं दाखवून माझा डेस्कटॉप आला, यंत्राच्या चित्रासकट.

पहिलं काम काय केलं असेल तर रूममेटच्या एक्स्टर्नल डिस्कवर सगळं कॉपी केलं. दुसरं काम, तिघींना मेसेज केला की बॅकअप नव्हता, मी खोटं बोलले होते, आता आहे. एकीने रागाचा चेहरा पाठवला. दुसरी म्हणाली, "रिपोर्टमध्ये ॲक्नॉलेजमेंटला तुझ्या बाबांचं नाव घालू." घातलं. सोमवारी सबमिशन झालं.

मग विंडोज परत कशाला टाकलं?

चांगला प्रश्न आहे. आजचं विंडोज बोर्ड बदलल्यावर बहुतेक वेळा आपलं आपण सावरतं. सगळं सुरळीत चाललं तर परत टाकायची गरज नाही. माझं मात्र स्लीपमधून उठताना अडकायचं, जुन्या बोर्डाची युटिलिटी रोज एरर द्यायची. म्हणून पुढच्या रविवारी, डेटा सुरक्षित असताना, शांतपणे नवीन इन्स्टॉल केलं. करायची वेळ आली तर क्रम असा ठेवा.

१. तयारी दुसऱ्या मशीनवर. किमान ८ जी.बी.चा पेन ड्राइव्ह घ्या आणि मायक्रोसॉफ्टच्या साइटवरच्या मीडिया क्रिएशन टूलने इन्स्टॉलर बनवा. पेन ड्राइव्ह पूर्ण पुसला जातो, आधी रिकामा करा. नव्या बोर्डाच्या कंपनीच्या साइटवरून लॅन आणि चिपसेटचे ड्रायव्हर उतरवून वेगळ्या पेन ड्राइव्हवर ठेवा. विंडोज १० परत टाकायचा मोह टाळा, त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला.

२. बायोसमध्ये डोकावा. टी.पी.एम. आणि सिक्युअर बूट चालू आहेत ना बघा. तारीख-वेळ बरोबर करा. पेन ड्राइव्ह यू.ई.एफ.आय. मोडमध्ये बूट करा. इन्स्टॉलर म्हणाला की डिस्कवर एम.बी.आर. पार्टिशन टेबल आहे, फक्त जी.पी.टी. चालेल, तर डिस्क जुन्या पद्धतीने बनवलेली आहे. सगळे पार्टिशन उडवले की ती जी.पी.टी. होते, पण डेटा जातो. म्हणून आधी बॅकअप!

३. बाकीच्या डिस्क काढून ठेवा. ज्या डिस्कवर विंडोज टाकायचं तीच लावलेली असली की चुकीची डिस्क पुसायची भीतीच नाही. पार्टिशनच्या यादीत १०० एम.बी.च्या आसपासचं एक, छोटं १६ एम.बी.चं एक, मोठं सी आणि रिकव्हरीचं एक असं दिसतं. ते विंडोजनेच केलेलं असतं. डी ड्राइव्ह केला असेल तर तो याच डिस्कवर आहे का, हे दोनदा बघा. डिस्क दिसतच नसेल, तर काही इंटेल लॅपटॉपमध्ये व्ही.एम.डी. चालू असतं, त्याचा स्टोरेज ड्रायव्हर पेन ड्राइव्हवरून द्यावा लागतो.

४. प्रॉडक्ट की विचारली तर 'माझ्याकडे की नाही' निवडा. पण एडिशन आधी होतं तेच घ्या. होम असताना प्रो टाकलं तर ॲक्टिव्हेट होणार नाही.

५. नेट नसेल तर मोबाइल आहे. सेटअपच्या वेळी होम एडिशनला इंटरनेट लागतंच आणि लॅनचा ड्रायव्हर नसेल तर तिथेच अडकतो. अँड्रॉइड फोन यू.एस.बी. केबलने जोडून टेदरिंग चालू करा, बहुतेक वेळा लगेच चालतं.

६. ॲक्टिव्हेशन. डिजिटल लायसन्स हार्डवेअरशी जोडलेलं असतं आणि बोर्ड बदलला की विंडोजच्या दृष्टीने ते नवं मशीन. लायसन्स आधीपासून मायक्रोसॉफ्ट अकाउंटला जोडलेलं असेल, तर सेटिंग्जमध्ये ॲक्टिव्हेशनच्या ट्रबलशूटमध्ये 'मी नुकतंच हार्डवेअर बदललं' हा पर्याय आहे. तिथे त्याच अकाउंटने लॉगिन करून यादीतून आपलं मशीन निवडायचं. माझं लायसन्स रिटेलचं होतं, ते दुसऱ्या हार्डवेअरवर नेता येतं. मशीनबरोबर आलेलं ओ.ई.एम. लायसन्स त्या मशीनलाच बांधलेलं असतं.

७. नंतर. विंडोज अपडेट पूर्ण चालवा, मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळी खूण राहिलीय का बघा. कॅडसारख्या सॉफ्टवेअरचं लायसन्स मशीनला बांधलेलं असेल तर परत ॲक्टिव्हेट करावं लागेल. हॉस्टेलच्या लॅनला नवीन मॅक ॲड्रेस नोंदवावा लागेल. माझं नेट चालेना तेव्हा मी अर्धा दिवस केबल बदलत बसले होते. शेवटी नेटवर्क रूममधल्या काकांनी विचारलं, "बोर्ड बदललास का?" आणि एका मिनिटात नोंद केली.

उबंटू वापरणाऱ्या मैत्रिणींना यातलं फार काही लागत नाही. बहुतेक ड्रायव्हर कर्नलबरोबरच येतात, त्यामुळे डिस्क नव्या बोर्डावर सहसा तशीच उठते. बूटच्या यादीत नाव दिसलं नाही तर मात्र घाबरू नका. यादी कोरी आहे, डिस्क नाही. लाइव्ह पेन ड्राइव्हवरून ती नोंद परत करता येते.

आजच करायचं एक काम

नवीन विंडोज टाकलं की नवीन की तयार होते, जुनी की त्याला चालत नाही. म्हणून मी परत अकाउंट उघडलं, नवे ४८ आकडे कागदावर लिहिले, आठही गट अकराने तपासले आणि कागद घरी पाठवला. पी.सी.वर ठेवून उपयोग नाही, आणि फोटो त्याच पी.सी.त सेव्ह केला तर तिजोरीची चावी तिजोरीतच!

तुमचं मशीन आज चालू आहे ना? मग सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीखाली डिव्हाइस एन्क्रिप्शन बघा. चालू असेल तर की कुणाच्या अकाउंटमध्ये आहे ते शोधा, तुमच्या, दादाच्या की बाबांच्या. दुकानात मशीन नेण्याआधी. बोर्ड ठरवून बदलणार असाल तर आधी बिटलॉकर सस्पेंड किंवा एन्क्रिप्शन बंद करा, पण गेलेल्या बोर्डाला हे सांगता येत नाही.

आणि गटातल्या कुणी विचारलं "बॅकअप आहे ना?" तर खरं उत्तर द्या. नसेल तर त्या रात्री करा.

बाबांनी तो कागद त्यांच्या हिशेबाच्या डायरीत चिकटवला आहे. प्रत्येक गटाखाली त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवलंय. आकड्यांत नाही, अक्षरांत. एकोणसाठ, म्हणजे पाच आणि नऊ. माझ्यासाठी.

— तृतीय वर्ष, मेकॅनिकल